व्हीलचेअरसाठी पँट शिवताना

माप उभ्याचं नको, खुर्चीत बसलेलंच घ्या. बसल्यावर मागचं आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) कमी पडून कंबर उघडी पडते, पुढे कापड पोटाशी गोळा होतं. म्हणून मागचं आसन दोन-अडीच इंच वाढवा, पुढचं दीड इंच उतरवा. लांबीही दोन इंच जास्त धरा; गुडघा वाकला की मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, वर चढते.

बैठकीखाली खिसा, रिव्हेट (धातूची टिकली), जाड दुमड अजिबात नको. संवेदना नसलेल्या त्वचेला टोचलेलं कळत नाही आणि तिथेच जखम होते. शिवण सपाट दाबा, आतून बोट फिरवून गाठ तपासा.

कापड कॉटन-लायक्रा घ्या, आधी धुऊन आटवा. इलॅस्टिक, वेल्क्रो पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. वेल्क्रोची खरखरीत बाजू त्वचेकडे कधीच लावू नका.