परासरण की तर्षण?

विचारणा अशी आहे : 'लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की मीठ परासरणाने आत शिरते, हे म्हणणे बरोबर आहे का? आणि परासरण व विसरण यांत फरक काय?'

ते बरोबर नाही, आणि हा चुकीचा वापर इतक्या वेळा कानावर पडतो की आता तो खटकतो. परासरण म्हणजे पेशीच्या निवडक्षम पारपटलातून, म्हणजे पाण्याला वाट देणाऱ्या पण मिठाला अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, होणारा पाण्याचा प्रवास, मिठाचा नव्हे. मीठ लावल्यावर फोडींना पाणी सुटते, ते परासरणामुळे. पुढे पटले निकामी झाल्यावर मीठ आत पसरते, ते विसरणाने, म्हणजे पदार्थ जेथे अधिक आहे तेथून जेथे कमी आहे तेथे आपोआप पसरण्याने. रक्तातला प्राणवायू पेशीत जातो तोही विसरणानेच. या विसरणाचा आपल्या 'विसरणे' या क्रियापदाशी काहीही संबंध नाही, कारण पहिल्याचा धातू 'सृ' म्हणजे सरकणे हा आहे आणि दुसऱ्याचा 'स्मृ'.

माझा मुख्य आक्षेप मात्र 'परासरण' या शब्दावरच आहे. 'परा' म्हणजे दूर आणि 'सरण' म्हणजे सरकणे. यातून पाणी कोठेतरी गेले एवढेच समजते, कोणीकडे आणि कशासाठी गेले हे समजत नाही. मराठी विश्वकोशात याच क्रियेला 'तर्षण' म्हटले आहे, आणि मला तो शब्द फार मोलाचा वाटतो. त्याचा धातू 'तृष्', म्हणजे तहानणे. त्याच धातूपासून तृष्णा, तृष्णेपासून प्राकृतातली 'तण्हा' आणि तिच्यापासून आपली 'तहान'. ज्या बाजूला मीठ किंवा साखर अधिक, ती बाजू तहानलेली, आणि पाणी तिकडे जाते. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, कारण तेथे बेदाणा तहानलेला असतो. कैरीला पाणी सुटते, कारण तेथे बाहेरचे मीठ तहानलेले असते. पाण्याची दिशा शब्दातच सांगितलेली आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी द्युत्रोशे यांनी १८२०च्या दशकात ज्या ग्रीक शब्दावरून या क्रियेला नाव दिले, आणि ज्यातून पुढे 'ऑस्मोसिस' झाले, त्याचा अर्थ 'ढकलणे' असा आहे. त्यांच्या नावात पाण्याला मागून रेटा मिळतो, तर आपल्या नावात त्याला पुढून ओढ लागते, आणि शिकणाऱ्याला ही ओढच लवकर उमगते.

'निर्जीव द्रावणाला तहान कशी लागेल, हा शब्द काव्यात शोभेल, परिभाषेत नाही,' असे म्हणणाऱ्या पंडितांशी मी मुळीच सहमत नाही. त्यांनी शरीराकडे पाहावे. खारट खाल्ले की रक्तातले मिठाचे प्रमाण वाढते, त्यामुळे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या काही पेशी त्याने आक्रसतात, आणि त्यांच्या संदेशावरून आपल्याला पाणी प्यावेसे वाटते. ज्या क्रियेतून प्रत्यक्ष तहान उपजते, तिला तर्षण म्हणणे हे काव्य नसून अचूक वर्णन आहे.