आरोग्य-प्रश्नोत्तरे : रक्ताची गुठळी आणि ‘प्रोटीन एस कमी’ असा अहवाल

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय बाळंतपणानंतर दुसऱ्याच आठवड्यात मांडीपर्यंत सुजला. डॉप्लर सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी असल्याचे कळले आणि तिला दाखल करून रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शने सुरू केली. त्याच वेळी ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ नावाची (गुठळ्या होण्याची प्रवृत्ती शोधणारी) महागडी तपासणी झाली व तिच्यात प्रोटीन एस हे गोठण्याला आवर घालणारे द्रव्य ३८ टक्के, म्हणजे कमी, आले. आमच्या वडिलांनाही बेचाळिसाव्या वर्षी काही कारण नसताना पायात गुठळी झाली होती. आता बहिणीच्या सासरी ‘रक्तातच खोट आहे’ असे बोलले जाते. माझ्या एकवीस वर्षांच्या मुलीला पाळी नियमित होण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. आम्हा दोघींची तपासणी करावी का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या बहिणीच्या अहवालावरून तिला जन्मजात दोष आहे असे म्हणता येत नाही. गर्भारपणात प्रोटीन एस स्वाभाविकपणेच खाली येते, निरोगी स्त्रीतही ते निम्म्याहून कमी होऊ शकते, आणि बाळंतपणानंतर पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. शिवाय ताजी गुठळी असताना अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही गोठण्याला आवर घालणारी तिन्ही द्रव्ये कमी झालेली दिसू शकतात. हेपॅरिनने अँटिथ्रॉम्बिन घटते, तर वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने प्रोटीन सी आणि एस. म्हणजे ही तपासणी अगदी चुकीच्या वेळी झाली. गुठळी डाव्याच पायात होण्यालाही कारण आहे : पोटात डाव्या पायाची मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखाली दाबली जाते आणि गर्भाशय वाढले की तो दाब आणखी वाढतो.

माझ्या मते त्या आकड्यापेक्षा तुमच्या वडिलांची हकिगत कितीतरी महत्त्वाची आहे. पन्नाशीच्या आत, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर असे काही कारण नसताना झालेली गुठळी आनुवंशिक दोषाची शंका घ्यायला लावते. म्हणून बहिणीची फेरतपासणी जरूर व्हावी, पण उपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी वॉरफेरिन थांबवल्यावर निदान दोन आठवड्यांनी, शक्य तर महिन्याने, आणि तेव्हा ‘फ्री प्रोटीन एस’ (रक्तात मोकळे असलेले प्रोटीन एस) मोजावे. तपासणीसाठी म्हणून औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

नमुना कसा घेतला जातो याकडेही लक्ष द्यावे. निळ्या टोपणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असते आणि त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग हवे असतात. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भागही काही तासांतच वेगळा करावा लागतो. मे महिन्यात घरी घेतलेला नमुना स्कूटरवरून गावभर फिरत राहिला तर त्याचा भरवसा धरू नये. या तपासणीसाठी प्रयोगशाळेत स्वतः जाणेच बरे.

महागड्या पॅकेजमधल्या सगळ्याच चाचण्या लागत नाहीत. ‘फॅक्टर व्ही लायडन’ हा गुठळ्यांची प्रवृत्ती वाढवणारा जनुकीय बदल १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे ओळखला गेला; युरोपीय लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे क्वचित. एमटीएचएफआर या जनुकाची चाचणी तर गुठळीच्या संदर्भात निरुपयोगी आहे. याउलट अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा जन्मानंतर जडणारा, शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होणारा विकार विसरता कामा नये, विशेषतः बहिणीचा पूर्वी गर्भपात झाला असेल तर. त्यासाठी ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी प्रतिपिंडे अशा तीन चाचण्या असतात. पहिल्यांदा दोष दिसला तरी किमान १२ आठवड्यांनी तो पुन्हा आढळल्याशिवाय निदान पक्के होत नाही. यातली ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणीही रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बिघडते.

आता तुमच्याविषयी. बहिणीचा दोष फेरतपासणीत पक्का झाला तर आधी तुमची चाचणी करावी, कारण असा दोष भावंडांत असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. तुमचे प्रमाण व्यवस्थित निघाले तर मुलीकडे तो तुमच्यामार्फत गेलेला नाही, तिची चाचणी करण्याचे कारण उरत नाही. मात्र पाळीच्या बहुतेक गोळ्यांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असते आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. आजोबांची व मावशीची हकिगत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून, उलगडा होईपर्यंत इस्ट्रोजेन नसलेला पर्याय मागावा.

बहिणीला इस्ट्रोजेनच्या गोळ्या यापुढे नकोतच. पुढच्या गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला हेपॅरिनची प्रतिबंधक इंजेक्शने लागतील, मग फेरतपासणीत काहीही निघो. सासरच्यांना हेही सांगावे की गर्भारपण आणि बाळंतपण हेच गुठळीचे पुरेसे कारण असते, त्यासाठी रक्तात खोट असावी लागत नाही. आपल्या घरांत बाळंतिणीला सवा महिना खाटेवर ठेवण्याची आणि पाणी बेताने देण्याची रीत अजून आहे. डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, पण तिला भरपूर पाणी द्यावे आणि डॉक्टरांनी परवानगी देताच चालते-फिरते ठेवावे. शरीरातले पाणी कमी झाले की मेंदूतल्या शिरांतही गुठळी होऊ शकते. बाळंतिणीचे डोके असह्य दुखू लागले, झटका आला, अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता तिला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.