‘शाळेत काही झालं तर?’

पोटात नळी असलेलं, फिट्स येणारं, इन्सुलिनवर असलेलं किंवा घशातल्या नळीतून श्वास घेणारं मूल साडेतीन-चार वर्षांचं झालं की आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते एकच प्रश्न घेऊन. बालवर्गात घालावं का? त्याच दमात पुढचा प्रश्न येतो, तिथे काही झालं तर? अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी चार वर्षांची. गिळताना घास श्वासनलिकेत जायचा, म्हणून पोटावर छिद्र करून फीडिंगचं बटण बसवलेलं. त्याला नळी जोडून थेट पोटात दूध, पातळ अन्न द्यायचं. शिवाय फिट्सचं औषध चालू. बोलायला थोडी मागे, पण डोळे सगळीकडे भिरभिरणारे. बाबांचं म्हणणं, "अजून दोन वर्षं थांबू, तब्येत सुधारेल." आईला पाठवायचं होतं आणि नव्हतंही.

मी विचारलं, "काही झालं तर म्हणजे नक्की काय?" आधी त्या गप्पच झाल्या. मग एकेक बाहेर आलं. बटण निघून येईल. पोरं ओढतील. फिट येईल आणि टीचर घाबरून जातील. भीती अशी मोघम असते तोवर तिच्यावर काही करता येत नाही. तिचे तुकडे पाडले की प्रत्येकाला काही ना काही उत्तर असतं.

"बटण निघालं तर घरी काय करता?" आईने एका श्वासात सांगितलं. हात धुवायचे, जागा स्वच्छ पुसायची, जवळ ठेवलेली जादाची सुटी नळी छिद्रात सरकवून चिकटपट्टी लावायची, काही भरवायचं नाही, डॉक्टरांना फोन. कारण छिद्र उघडं राहिलं तर काही तासांतच आकसायला लागतं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वॉर्डातल्या सिस्टरांनी. आधी माझे हात थरथरायचे."

मला हेच हवं होतं. त्या काही नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या. कोणीतरी दाखवलं, चार वेळा समोर करून घेतलं आणि त्यांना जमलं. मग तेच दुसऱ्या मोठ्या माणसाला का जमू नये?

बाबांचा मुद्दा मी उडवून लावला नाही. काही मुलांच्या बाबतीत थांबणंच बरोबर असतं. ऑपरेशन तोंडावर आलंय, केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती खाली गेलीय, फिट्स अजून आटोक्यात नाहीत, अशा वेळी डॉक्टर नको म्हणाले की नको. लहान मुलांच्या वर्गात सर्दी-खोकला फिरतच असतो, तो सोसेल का हेही त्यांनाच विचारावं. पण या मुलीच्या डॉक्टरांनी हरकत नाही असं सांगितलं होतं. बटण पुढची कित्येक वर्षं राहणार होतं. ते जाईपर्यंत थांबायचं म्हणजे बालपण संपेपर्यंत थांबायचं. चौथ्या वर्षी इतर मुलांकडून जे बोलणं, भांडणं, वाट बघणं शिकायचं, ते घरात आई कितीही प्रेमाने शिकवू शकत नाही.

"आपण शाळेकडे उपकार मागतोय असं वाटतं," आई म्हणाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं २३वं कलम अपंगत्व असलेल्या मुलांना समाजात सहभागी होण्याचा आणि शिक्षण मिळण्याचा हक्क देतं, हे मी त्यांना सांगितलं. पण मुख्याध्यापिकांसमोर जाऊन कलम आपटू नका, असंही सांगितलं. तिथे कामाला येतो तो कागद, काय झालं तर काय करायचं याचा लेखी आराखडा.

शाळेतल्या बैठकीला मीही गेले. वर्गाच्या ताई मन लावून ऐकत होत्या, पण खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातून काही झालं तर तुम्ही मलाच दोष द्याल ना?" आईवडिलांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही. शिक्षिकेच्या मनात आजारापेक्षाही ठपक्याची भीती मोठी असते. लेखी आराखडा आईइतकाच ताईंनाही हवा असतो.

आराखडा एका पानाचा झाला, डॉक्टरांच्या सहीसह. वर मुलीचा फोटो. बटण निघालं तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. (छिद्र नुकतंच केलेलं असेल तर शाळेत काही घालायला जायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. या मुलीचं जुनं होतं.) फिट आली तर वेळ बघायची, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून दाबून ठेवायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ठरवून दिलेलं औषध आणि अॅम्ब्युलन्स. औषधाचा डोस वजनावर असतो, म्हणून वजन वाढलं की कागद बदलायचा. शिकवलं शाळेतल्या दोघींना, कारण एक रजेवर जाणारच. आणि सुट्या नळीची, औषधाची पिशवी कपाटात कुलूपबंद ठेवायची नाही. मूल मैदानात गेलं की पिशवीही मैदानात.

फीडिंगनंतर अर्धा तास तरी तिला बसतं ठेवायचं होतं. ताईंनीच सुचवलं, उड्या-नाच आधी घेते, गोष्ट नंतर. कोणाला कळलंही नाही की वेळापत्रक एका मुलीसाठी फिरवलंय.

मुलांचं काय? पहिल्याच दिवशी एकाने बोट दाखवून विचारलं. ताई म्हणाल्या, "तिचं जेवण इथून पोटात जातं." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "आइस्क्रीमपण?" संपलं. ओढाओढीची भीती फोल ठरली. बटण अंगालगत असतं, वर घट्ट बनियन असलं की दिसतही नाही. खरा धोका दुसराच निघाला, प्रेमाचा. मैत्रिणी तिला आपल्या डब्यातला घास भरवायला बघायच्या, आणि तोच घास तिच्या श्वासनलिकेत गेला असता. म्हणून साऱ्या वर्गाला नियम, आपला खाऊ आपणच खायचा. पण तिला बाजूला बसवायचं नाही. सगळे जेवतात त्याच वेळी, त्याच सतरंजीवर तिचं फीडिंग, हातात रिकामी वाटी आणि चमचा. नळीवरची बरीच मुलं तोंडाजवळ काही आणलं तरी मान फिरवतात, तिटकारा बसलेला असतो. इतरांना खाताना रोज बघणं हा त्यावरच्या उपायांतला एक भाग आहे. तोंडाने काय आणि कधी सुरू करायचं, ते मात्र गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्टच ठरवणार.

सगळ्यात अवघड होतं आईला वर्गातून उठवणं. त्या कोपऱ्यात बसायच्या. मुलगी खेळता खेळता आईकडे बघायची, ताईही प्रत्येक गोष्टीला आईकडेच बघायच्या. आई हाच आराखडा झाला होता. मी स्पष्ट बोलले, "तुम्ही तिथे आहात तोवर कोणी शिकणार नाही." मग कोपऱ्यातून ऑफिसात, ऑफिसातून फाटकाबाहेर, मग घरी, फोन जवळ ठेवून. घाई केली नाही. पण मागे यायचं नाही असं ठरवलं होतं.

एके दिवशी बटण खरंच निघालं. ताईंनी नळी सरकवली, पट्टी लावली आणि मग फोन केला. डॉक्टरांनी बघून नवीन बटण बसवलं. मला वाटलं आई आनंदाने सांगायला येतील. आल्या त्या रडवेल्या आणि थोड्या चिडलेल्या. "मला आधी का नाही बोलावलं?" जरा वेळाने म्हणाल्या, "माझ्याशिवाय जमलं त्यांना." चार वर्षं जिचा एक क्षणही सुट्टीचा नव्हता, तिला ही सुट्टी टोचते. मी समजूत घालायला गेले नाही. रडू दिलं.

मग आराखड्यात एक ओळ वाढवली. मूल सावरलं की आधी आईला फोन, न लागल्यास बाबांना, आणि घरी जाताना काय झालं त्याची लेखी चिठ्ठी. बाबांनाही नळी बसवायला शिकायला लावलं. तोवर ते त्यातून सुटलेलेच होते.

पुढच्या वर्षी वर्ग बदलेल, ताई बदलतील. नव्या ताईंचं शिकणं शाळा सुरू व्हायच्या आधी, शक्यतो जुन्या ताईंच्या हाताखालीच व्हावं, असं मी शाळेला कळवलंय. तारीख अजून ठरायची आहे. पाठपुरावा या वेळी बाबा करताहेत.