नागपूरहून अकोल्याला मित्राकडे कारने जाताना वाटेत लक्षात राहील असं जेवण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की सकाळी नागपूरहून निघून अकोल्याला कॉलेजच्या मित्राकडे चाललोय, बायको-पोरं सोबत आहेत, तर दुपारचं जेवण कुठल्या ढाब्यावर करावं. माझं उत्तर, कुठल्याच नाही. जेवण मित्राच्या घरी करा. काऊन ते सांगतो.

आधी वाटेतलं खाणं उरकून टाकतो. निघताना नागपुरातच तर्री पोहे खा, कस्तुरचंद पार्कजवळ खा नाहीतर तुमच्या चौकातल्या ठेल्यावर, पण एकच प्लेट. कोंढाळीला संत्री दिसली तर घ्या, मित्राच्या घरी न्यायला. अमरावतीत शिरायची तयारी असेल तर दही-चटणी घातलेला गिला वडा, चौघांत दोन प्लेट बस झाल्या. झणझणीत सावजी जेवण त्या दिवशी बिलकुल नको, सावजी खाऊन गाडी चालवायची नसते, झोपायचं असतं. एवढं पुरे. अडीचशे किलोमीटरच तर आहे.

आता मुद्द्याचं. डिसेंबर २०१९ ची गोष्ट आहे. माझा अकोल्याचा मित्र नागपूरला चार वर्षं होस्टेलला होता आणि त्या चार वर्षांतले बहुतेक रविवार तो आमच्या घरी जेवला. आई त्याच्यासाठी वेगळं काही करायची नाही, आमचंच वरण-भात-पोळी, वडाभात असला की तो खूष. त्याच्या आईच्या मनात तेव्हापासून होतं की या लोकांना एकदा घरी बोलावून रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, खाऊ घालायचे. शेवटी योग आला. दादाची गाडी, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी.

तेव्हा अमरावती ते अकोला रस्त्याचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायची गरज नाही, खड्डा चुकवला की पुढचा खड्डा, कुठे कुठे तर वीसच्या वर काटा जात नव्हता. मूर्तिजापूरच्या अलीकडेच दोन वाजून गेले. पोरं कुरकुर करायला लागली आणि दादाने गाडी ढाब्यावर घातली. मी म्हटलं बिस्किटं दे त्यांना, काकू वाट पाहून राहिल्या असतील. तर म्हणतो, अरे लोकांच्या घरी इतक्या उशिरा पोचून पाच माणसांचं जेवण मागायचं का, आपण खाऊन जाऊ, त्यांना त्रास कशाला. आणि दाल फ्राय, शेवभाजी, तंदुरी रोट्या, सगळं मागवलं. मी चहा घेतला फक्त.

चार वाजता पोचलो. मागच्या अंगणात गोवऱ्यांचा जगरा पेटवून, त्यात रोडगे भाजून, गरम राहावे म्हणून काकूंनी ते राखेतच दाबून ठेवले होते. घरात कोणी जेवलं नव्हतं. आम्हाला बसवलं आणि काकूंनी एक-एक रोडगा राखेतून काढून फडक्यात धरून आपटला, राख झाडली, मुठीने दाबून फोडला, आतून वाफ निघाली, पदर सुटलेले दिसत होते, त्या वाफेवरच तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी, तेलाचा लाल तवंग असलेली, आणि घट्ट वरण. दादाने अर्धा रोडगा घेतला, तोही बोटांनी ताटात इकडून तिकडे करत बसला. काकू तुपाचा चमचा घेऊन त्याच्या ताटाजवळ आल्या आणि त्याने ताटावर आडवा हात धरला. 'काऊन रे बाप्पा, आवडलं नाई का?' वहिनी पटकन बोलून गेली की आम्ही वाटेत जेवलो. काकूंचा चमचा तसाच हातात राहिला, तूप परत भांड्यात गळून राहिलं होतं. मग एवढंच म्हणाल्या, 'माहं पोरगं चार वर्स तुमच्या घरी जेवलं, मले एक दिवस त जेवू घालू द्या.'

मी तीन रोडगे खाल्ले त्या दिवशी पण ते जेवण गोड लागलं नाही.

यावर दादाचं आणि माझं वाजलेलंच आहे, आजही विषय निघाला की वाजतं. त्याचं म्हणणं, मी त्यांचाच विचार केला. मी म्हणतो, ज्याने सकाळपासून चूल मांडली त्याला त्रास झालाच आहे, आता तुम्ही उपाशी येऊन पोटभर खाणं हीच त्याची मजुरी. 'त्रास कशाला' म्हणणारी माणसं देणं तर देतात पण घेत नाहीत, आणि मैत्रीत घेता आलं पाहिजे. आमच्या आईने चार वर्षं त्याला वाढलं तेव्हा तो कधी म्हणाला का की काकू, मी बाहेर खाऊन आलो?

नंतर जून २०२२ मध्ये त्याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, पेपरात सगळ्यांनी वाचलंच असेल. मी ती बातमी दादाला फोन करून वाचून दाखवली, म्हटलं आता रस्त्याचं कारण संपलं. तरी तो आला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मी एकटाच गेलो, एकाच्या आत पोचलो, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही. काकूंचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही, तर बाजेवर बसून मित्राला सांगून राहिल्या होत्या, हा पालटव, तो काढ, जळतो आहे तो. चार रोडगे खाल्ले. हात धुवत होतो तर विचारलं, 'तुह्या दादाले काऊन नाई आणलं?' आणि सहा रोडगे बांधून दिले. वहिनी सांगत होती, दादाने रात्री तव्यावर गरम करून दोन खाल्ले, वरून तूप स्वतः मागून घेतलं. मला त्याबद्दल काही बोलला नाही.

दादाचं एक मात्र खरं होतं, निघाल्यावर उशीर होतोय हे मी एका फोनने कळवायला पाहिजे होतं. तुम्ही कळवा. कोणाला शुगर असेल तर उपाशी अजिबात राहू नका, मुलांनाही गाडीत काहीतरी ठेवा. आणि मित्राकडे दोघंही नोकरीवाले असतील, स्वयंपाकाला वेळ नसेल, तर तेही आधी विचारून घ्या, मग खुशाल मूर्तिजापूरला थांबा. शेगावची कचोरी परतायच्या दिवशी ठेवा, अकोल्याहून पुढे पन्नासेक किलोमीटर आहे, दर्शन करून गरम कचोरी आणि तळलेली मिरची. जाताना नको.