सालईचा डिंक, झाड राखून

प्रश्न : धडगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. जंगलात सालई भरपूर, पण डिंकासाठी कुऱ्हाडीने खोल घाव घालतात आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळतं. झाड न मारता डिंक काढता येतो का?

उत्तर : येतो. मुळात खोल घावाने डिंक वाढतच नाही. सालईत डिंकाच्या नळ्या सालीत असतात, लाकडात नाही. शिवाय पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. घाव खोडाभोवती फिरले की मुळं उपाशी मरतात.

छातीच्या उंचीवर घेर 90 सेंमीपेक्षा कमी असेल तर त्या झाडाला हात लावू नका. हंगाम नोव्हेंबर ते मे. कुऱ्हाड घरी ठेवा, धारदार वाकस, म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, घ्या. जमिनीपासून 15 सेंमी वर, वीतभर रुंदीची जागा निवडा. कागदासारखे सुटणारे पापुद्रे आधी हाताने काढा, मग साल निम्म्या जाडीपर्यंतच तासा. आतली लालसर साल दिसली की थांबायचं. पांढरं लाकूड दिसलं तर घाव खोल गेला. चार-पाच दिवसांनी डिंक खरवडून घ्या आणि फक्त वरची कड पातळशी तासून ताजी करा. बाजूंना वाढवू नका. एका झाडाला एकच घाव पुरे. तीन वर्षं डिंक घेतला की तीन वर्षं विश्रांती, पुढचा घाव विरुद्ध अंगाला.

आगीचं मात्र फार सांभाळा. मोहफुलं वेचायला मार्च-एप्रिलमध्ये पाचोळा पेटवतात, आणि सालईचा डिंक भडकन पेट घेतो. बुंध्याशी घाव असलेलं झाड तिथूनच जळतं. म्हणून घाव घातलेल्या प्रत्येक झाडाभोवती तीन-चार फूट पाचोळा झाडून ठेवा.

ताजा डिंक चिकट असतो. बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवा, खाली भांडं. पातळ रस निथळून जातो. उरलेला सावलीत वाळवून फोडा, सालीचे तुकडे वेचून काढा.

प्रश्न : धावड्यालाही हीच रीत का?

उत्तर : नाही. धावड्याचा डिंक बराचसा आपोआप पाझरतो; तो वेचावा, फार तर सालीला हलकी चीर द्यावी. लाडवांत पडतो तो हा डिंक. सालईचा जातो धुपाला आणि औषधाला. दोन्ही वेगळ्या पोत्यांत भरा. मिसळ झाली की व्यापारी सगळ्याच मालाचा भाव पाडतो.