बीएस्सी केमिस्ट्रीनंतर लगेच एमएस्सी करावी की आधी नोकरी? एमबीए आणि एमपीएससीचाही विचार चालू आहे.

तू चार पर्याय मांडलेस, पण मला टोचलं ते शेवटचं वाक्य. "आमचे सर म्हणतात, एकदा नोकरीला लागलास की शिक्षण संपलं." बाकीच्या पर्यायांकडे नंतर येते. आलेच तर.

हेच वाक्य मी आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये उभ्याने ऐकलंय. टीसी घ्यायला गेले होते. एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, ट्रेनी केमिस्ट म्हणून लागतेय, एमएस्सी नंतर करीन, असं सांगितलं. सर म्हणाले, "पगाराची चटक लागली की कुणी परत येत नाही. तू तर नाहीच येणार." ते 'तू तर' अजून माझ्या डोक्यात आहे.

क्यूसीत पहिले काही महिने काचेची भांडी, बफर आणि लॉगबुक. मग एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर बसवलं. तिथे एका नव्या एमएस्सीवाल्याने फॉस्फेट बफरचा रन संपल्यावर मधे पाण्याने धुवायचं सोडून थेट अॅसिटोनायट्राइल चालू केलं. त्या सॉल्व्हंटमध्ये बफरमधलं मीठ विरघळत नाही, ते आतच बसलं, दाब चढत गेला, पंप बंद पडला. कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी, नवाकोरा होता. आमचे सीनियर स्वतः साधे बीएस्सी. कुणावर ओरडले नाहीत. कॉलम उलटा जोडला, प्रवाह अगदी कमी ठेवला आणि कोमट पाणी सोडून बसले. मी शेजारी स्टूल ओढून बघत होते. पूर्ण बीएस्सीत एवढं केमिस्ट्री शिकले नव्हते.

दोनेक वर्षांनी त्याच कॉलेजात एमएस्सीला अर्ज केला. खिडकीवर पहिली मागणी गॅपच्या प्रतिज्ञापत्राची. मधल्या काळात मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही, असं नोटरीसमोर लिहून दिलं. सही करताना हसू आलं.

आमच्या विभागात एचपीएलसी होतं. कापडाखाली. कुठली समिती यायची असली की कापड निघायचं, एरवी विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. एका पाहणीच्या आधी ते सुरू केलं तर दाब 400 बारला जाऊन पंप बंद. सर्व्हिस इंजिनिअर चार दिवसांनी येणार, समिती परवा. मी म्हटलं, सर, मी बघू का? आधी कॉलम सोडवून पंप चालवला. दाब खाली आला, म्हणजे अडथळा कॉलममध्येच. गेल्या खेपेला बफर तसाच ठेवून यंत्र बंद केलं होतं, हे लॉगबुक उघडल्यावर दिसलं. कॉलम उलटा, प्रवाह कमी, कोमट पाणी. संध्याकाळपर्यंत दाब जागेवर. सर शेजारीच उभे होते. 'शाब्बास' म्हणाले. 'तू तर' बद्दल काही बोलले नाहीत, मीही काढलं नाही. आज इथे काढतेय.

पण एमएस्सी कर. नक्की कर. प्रवाह बदलला की आलेखातलं पीक, म्हणजे टोक, का पसरतं, हे मला व्हॅन डीम्टरचं समीकरण शिकल्यावर कळलं. त्याआधी नुसता हात बसला होता. शिवाय बीएस्सीवर बऱ्याच कंपन्यांत बढती एका पायरीवर अडते. सरकारी जागांचंही तेच. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला केमिस्ट्रीत पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बीएस्सी केमिस्ट्री चालत नाही. औषध निरीक्षकाचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर विसर, तिथे फार्मसीवाले लागतात.

एमएस्सी कुठे करायची? आयआयटी, आयआयएस्सीचा विचार असेल तर जॅम ही त्यांची एमएस्सीची प्रवेश परीक्षा दे. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिला वयाची अट नाही आणि पदवी कुठल्या वर्षाची हेही विचारत नाहीत, म्हणजे 'ब्रेक'ची भीती तिथेच संपली. विषयाचं म्हणशील तर सगळे ऑरगॅनिककडे पळतात आणि नंबर लागला नाही की तोंड पाडून अॅनालिटिकल घेतात. मला हा वेडेपणा वाटतो. प्रत्येक बॅच कुणीतरी तपासल्याशिवाय कंपनीच्या गेटबाहेर पडत नाही.

एमबीए आत्ता नको. कामाचा एक दिवस न बघता व्यवस्थापन कशाचं करणार? एमपीएससी मनापासून हवी असेल तर कर, खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 आहे, त्यामुळे धावत सुटायचं कारण नाही. पण एमएस्सीला नंबर लागला नाही म्हणून एमपीएससी, हे नको. तिथे जीव ओतून बसलेल्यांशी तुझी गाठ आहे.

आता सरांच्या बाजूनेही थोडं, नाहीतर अन्याय होईल. माझ्याबरोबर लागलेल्या बीएस्सीवाल्यांपैकी बहुतेक परत शिकायला गेले नाहीत. कुणाच्या घरी कर्ज, कुणाचं लग्न. आणि केमिस्ट्रीची एमएस्सी प्रॅक्टिकलमुळे नोकरी सांभाळून जमत नाही, पगार सोडावाच लागतो. घरचं तुझ्या पगारावर चालणार असेल तर माझा सल्ला बाजूला ठेव. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमधून वैज्ञानिक व्हायचं असेल तर खुल्या गटाला वयाची अट 26 आहे, तेव्हा मधे रेंगाळू नकोस. सीएसआयआर-नेटची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, वयाच्या 30 पर्यंत मिळते, महिना 37,000, तिथे एकदोन वर्षं गेली तरी चालतात. तुझ्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचं, पदवीचं चौथं वर्ष असेल तर ते करून एमएस्सी एका वर्षात होते, हेही विचारून घे.

नोकरी घेतलीस तर मुलाखतीत एवढं विचार: इन्स्ट्रुमेंटवर बसवणार की वर्षभर टायट्रेशनच? आणि एफडीए अप्रूव्हलसाठी, म्हणजे तपासणी करणारा केमिस्ट म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या मान्यतेसाठी, नाव कधी पाठवता? याची उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी कंपनी बघ.