'प्रक्षोभक' की 'चिथावणीखोर'?

प्रश्न असा आहे: एकाच सभेची बातमी देताना एका वर्तमानपत्राने 'प्रक्षोभक भाषण' छापलं, दुसऱ्याने 'चिथावणीखोर भाषण'. दोन्हींचा अर्थ एकच ना?

नाही. प्रक्षोभकमध्ये संस्कृत 'क्षुभ्' धातू आहे, म्हणजे खवळणे, ढवळून निघणे. ऐकणाऱ्याचं मन खवळलं की शब्दाचं काम झालं. भाववाढीची बातमीही प्रक्षोभक असू शकते, तिच्यामागे कुणी माणूस असायलाच हवा असं नाही. चिथावणीला मात्र तीन माणसं लागतात: चिथावणारा, चिथावला जाणारा आणि ज्याच्यावर सोडायचं तो. '-खोर' हा प्रत्ययही माणसाची खोड सांगतो, भांडखोर, लाचखोर. म्हणून तो भाषणापेक्षा वक्त्याला जास्त शोभतो.

चिथावणीत 'मार' असा हुकूम सहसा नसतोच. बांधाच्या भांडणात पारावरचा कुणीतरी म्हणतो, "तुझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो नसतो. बांगड्या भरल्यात का हातात?" कुऱ्हाड दुसराच उचलतो. चौकशीत पहिला म्हणतो, मी कुठे काय बोललो?

हेच राजकारणात किती भयंकर होतं ते आफ्रिकेतल्या रवांडात दिसलं. लेऑन मुगेसेरा या सत्ताधारी पक्षाच्या नेत्याने २२ नोव्हेंबर १९९२ रोजी कबाया इथल्या सभेत तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला सुनावलं, की तुमचं घर इथिओपियात. न्याबारोंगो नदीतून पाठवू, म्हणजे लवकर पोचाल. वरवर पाहता हा प्रवासाचा मार्ग. जिवंत माणूस त्या नदीने इथिओपियाला जात नाही, हे समोरच्या प्रत्येकाला कळत होतं. १९९४ मध्ये त्याच नदीतून प्रेतं वाहत गेली.

तिथल्या आरटीएलएम या तुत्सीद्वेष पसरवणाऱ्या रेडिओचे शब्दही असेच. तुत्सींना 'इन्येन्झी', म्हणजे झुरळं, म्हणायचे. झुरळ दिसलं की आपण चप्पल शोधतो, विचार करत बसत नाही. मारण्याला शब्द होता 'गुकोरा', काम करणे. हे वाचताना मला आपलं 'काम तमाम करणे' आठवतं आणि अंगावर काटा येतो. एप्रिल ते जुलै, शंभरेक दिवसांत लाखो माणसं मारली गेली, कितीतरी शेजाऱ्यांच्याच हातून, कोयत्यांनी.

मुगेसेरा पुढे कॅनडात गेला. तिथल्या न्यायालयांत त्या भाषणाच्या भाषांतरावर वर्षानुवर्षे खल झाला. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या हद्दपारीचा आदेश कायम केला. २०१२ मध्ये त्याला परत पाठवलं आणि २०१६ मध्ये रवांडात जन्मठेप झाली. त्याच्या त्या बोलण्याला मी नुसतं 'प्रक्षोभक' म्हणणार नाही. त्या शब्दातून कुणाला काही वाटलं एवढंच कळतं. कुणी कुणाला कुणावर सोडलं हे दडतं.

तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांनी आधी पाहावं: वक्त्याने बोट कुणाकडे दाखवलं आहे का? नसेल तर प्रक्षोभक, भडक, काहीही लिहा. असेल तर चिथावणी.

आणखी एक. 'चिथावणीला बळी पडू नका' हे पोलिसांचं नेहमीचं आवाहन. त्यात बळी ठरतो तो ऐकून पेटलेला माणूस. ज्याचं घर जळतं, त्याला त्या वाक्यात जागाच नाही. मी ते वाक्य वापरणं सोडलं आहे. 'चिथावणी ऐकून हात उचलू नका' असं लिहितो.